साडेदहाला लटकलेली बॅग

लायडन,
रविवार, १५ सप्टेंबर १९९६

प्रिय नेलताई,

धाकट्या भावाकडून तुला तीन पापे : उजवा गाल, डावा गाल, पुन्हा उजवा. (चौथा मागू नकोस. परदेशात राहणारी माणसं मोजायला विसरतात.) तुझा गुडघा फार कुरकुर करत नसेल, तुझा तो म्हातारा कुत्रा अजून दोन वेळा जेवत असेल आणि न्यूझीलंडात आता थंडी सरून झाडांना पालवी फुटली असेल असं धरून चालतो. माझ्या तब्येतीचं विचारशील तर उत्तम आहे. उत्तम म्हणजे अगदी उत्तम. रक्तदाब विशीतल्या पोरासारखा, झोप गाढ, दात नऊच उरलेत पण नऊच्या नऊ मजबूत. हे एवढं खुलासेवार का लिहितोय ते तुला पक्कं ठाऊक आहे. तू चार वर्षांनी मोठी असलीस म्हणून मी काही कुक्कुलं बाळ नाही, ताई. इनेके उद्या सकाळच्या विमानानं परत निघते आणि हे पत्र तिच्याच हाती पाठवतोय. ती घरी पोचून आपला अहवाल तुझ्यापुढे ठेवायच्या आत तू माझी बाजू वाचलेली असावीस एवढंच माझं म्हणणं आहे.

तुझी मुलगी मामाकडे आठ दिवस कालवे-पूल बघायला येतेय असं तू कळवलंस, तेव्हाच मला वास आला होता. मार्चच्या पत्रात तू विचारलंस, आपल्या जिन्याला पायऱ्या किती रे, विसरले. मे महिन्यात, आपल्या वयात तो जिना झेपतो का रे? जुलैत, डॉक्टर घरापासून किती लांब आहे? अगं, मी अडतीस वर्षं या गावचे पूल वर-खाली केलेत. लांबून येणारी होडी पाण्यात किती बुडालीय त्यावरून आत काय माल आहे ते ओळखतो मी. आमच्या गल्लीतला विलेम तुला आठवत असेल, सायकलीच्या दुकानाचा. गेल्या वर्षी त्याच्याकडेही एक भाची आली होती, आठ दिवसांसाठीच. तिनंही पायऱ्या मोजल्या, न्हाणीघर बघितलं, मामाला फिरायला नेलं. पुढच्या महिन्यात विलेम गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. तिथं लिफ्ट आहे, गालिचा आहे, रोज संध्याकाळी साडेपाचला खीर. मी भेटायला गेलो तर बिचारा मोटारी लावायच्या जागेकडे तोंड करून बसलेला. मला बघून खालच्या आवाजात म्हणाला, 'लामर्ट, कुठल्याही भाचीला घरात घेऊ नकोस.' तेव्हा स्पष्टच लिहितो. ज्या घरात तू जन्मलीस, मी जन्मलो, त्या घरातून मला कुणी हलवायचं नाही. तुझ्या पोरीला मी घरात घेतलं ते केवळ ती तुझी पोर म्हणून.

आणि पोर गुणाची आहे हेही लगेच लिहून टाकतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. (बेचाळीस वर्षांच्या बाईला पोर म्हणावं का, हा प्रश्न वेगळा.) तिला आपल्या दारातून आत यायला वाकावं लागलं, एवढी उंच. आणि बोलते काय सांगू! तू चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जहाजात बसलीस त्या दिवशीची भाषा तिच्या तोंडात जशीच्या तशी आहे. आपली आजी वापरायची ते शब्द ती बेकरीत पाव मागायला वापरते. काउंटरवरच्या पोरीनं तिला विचारलं, 'बाई, तुम्ही संग्रहालयात नोकरीला आहात का?' इनेके म्हणाली, 'नाही गं, आमच्या घरात असंच बोलतात.' मला इतकं बरं वाटलं की मी गरज नसताना मनुक्यांचा पाव घेतला.

तर गेल्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेनऊला ती आली. बरोबर बॅग. बॅग म्हणजे काय, कपाटाला चाकं लावली होती. आपला जिना तुला माहीत आहे. त्यावरून माणूस एकटा चढतो तेव्हा पोट आत ओढून चढतो. ती बॅग पहिल्या वळणावरच अडकली. आता दुसरा कुणी असता तर बॅग खाली उघडून चार-चार कपडे वर नेले असते. पण मला वाटलं, बरी संधी आहे. तपासनीस दारात उभी आहे, पहिल्याच दिवशी तिला दाखवू या की म्हाताऱ्याच्या दंडात किती जोर आहे. म्हटलं, 'आपल्या घराच्या माथ्यावर बापजाद्यांनी तुळई आणि हूक कशासाठी ठेवलाय? बॅग खिडकीतून वर जाईल.' खालच्या मजल्यावरच्या स्लॉटबाई (लोकर आणि बटणांचं दुकान; नवरा जाऊन सहा वर्षं झाली; जिभेला हाड नाही) दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'लामर्ट, त्या हुकाला शेवटचं कपाट टांगलं त्याला वीस वर्षं झाली.' मी म्हटलं, 'हुकाला वय नसतं.' त्या म्हणाल्या, 'हुकाला नसतं,' आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी दुर्लक्ष केलं.

कप्पी लावली, दोर ओवला, बॅग बांधली. आपल्या दारासमोरच शनिवारी आरीची हेरिंग मासळीची गाडी लागते. तो हात पुसून मदतीला आला. आरी, मी आणि इनेके, तिघांनी ओढायला सुरुवात केली. बॅग इतकी जड की मी मनात म्हटलं, हिनं येताना अख्खी मेंढी आणलीय. तरी चढली. माणसाच्या डोक्यावर गेली, स्लॉटबाईंच्या पाटीवर गेली, आपल्या खिडकीपासून जेमतेम दोन हात खाली आली. आणि टाऊन हॉलच्या घंटा वाजायला लागल्या. साडेदहा.

साडेदहा म्हणजे कॉफी. यात बोलण्यासारखं काय आहे? मी नोकरीत होतो तेव्हा साडेदहाला खुद्द महापौरांची होडी आली तरी पूल पावणेअकरालाच उठायचा, आणि महापौरही होडीत बसून आपली कॉफी पीत. आरीनं दोर सोडायच्या बेतानं माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. इनेके म्हणते, 'मामा, दोनच हात राहिलेत, आधी बॅग आत घेऊ ना!' मला धक्काच बसला, ताई. आरी तिला समजावून म्हणाला, 'अहो बाई, बॅग कुठं पळून जातेय का? कॉफी मात्र गार होते.' (हा आरी शाळेत तीनदा नापास झाला, पण मूळचा समजूतदार.) मी दोराचं टोक घेऊन काठावर गेलो. काठावरच्या कडीला आधीच कुणाची तरी होडी बांधलेली. शेजारी एक दणकट हिरवा खुंटा होता, त्याला माझी पुलावरची दुहेरी गाठ मारली. ती गाठ आजवर कधी सुटलेली नाही. त्या दिवशीही सुटली नाही, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. कारण तो खुंटा काठाचा नव्हता. तो प्रवाशांना गाव फिरवणाऱ्या टूनच्या होडीचा होता. आता तू हसशील. हस. पण काठावरचे सगळे खुंटे हिरवे असताना टूननं नेमका तोच हिरवा आपल्या होडीला द्यावा का, याचं उत्तर मला कुणीही दिलेलं नाही.

कॉफी स्लॉटबाईंच्या दुकानात झाली. त्यांनी डबा उघडला, आपल्या रीतीप्रमाणे दालचिनीचं एकेकच बिस्किट दिलं. आणि बघ हं, इनेकेनं एकच घेतलं आणि डब्याचं झाकण स्वतःच्या हातानं दाबून बंद केलं! पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, मेंढरांच्या देशात, तू पोरीला वळण लावलंस. माझे डोळे भरून आले. मी तुझं कौतुक करायला तोंड उघडलं तेवढ्यात ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'मामा, बॅग वर चाललीय.' मी म्हटलं, 'बॅग आपोआप वर जात नसते. बिस्किट खा.' ती म्हणाली, 'मामा, खरंच चाललीय.' मी म्हटलं, 'तू लांबून आलीस, तुझ्या डोळ्यांना अजून विमान वाटतंय.' मग डोक्यावर असा दण्ण आवाज झाला की स्लॉटबाईंच्या बरणीतली बटणं उडाली.

बाहेर येऊन बघतो तर टून वीस प्रवासी घेऊन गाव दाखवायला निघालेला. बॅग सरसर वर जाऊन थेट तुळईला भिडलेली, दोर सतारीच्या तारेसारखा ताणलेला, आणि होडी कालव्याच्या मधोमध जागच्या जागी घरघरतेय. टूनला वाटलं यंत्र दमलं. त्यानं आणखी जोर लावला. मी ओरडतोय 'टून, थांब!' आणि तो मला हात हलवून नमस्कार करतोय. आपली जुनी घरं मुद्दाम पुढं झुकवून बांधलेली असतात ते ठीक, पण मला त्या क्षणी वाटलं घरच होडीमागे निघालं. आणि मग बॅगेचा पट्टा तुटून ती वरच उघडली. ताई, मी आयुष्यात पूर बघितलाय, युद्ध बघितलंय, पण लोकरी बनियनींचा पाऊस पहिल्यांदा बघितला. बनियनी, पायमोजे, मेंढीच्या कातड्याच्या सपाता, विणलेल्या खोळीतली गरम पाण्याची पिशवी. आणि एक तपकिरी कोट, मोठ्या बटणांचा, तो हात पसरून सावकाश उतरला आणि आरीच्या हेरिंगवर, चिरलेल्या कांद्यासकट, पालथा पडला. होडीतले वीसच्या वीस जण फोटो काढत होते. टून धूर्त माणूस; त्यानं कर्णा तोंडाला लावून सांगितलं की लायडनमध्ये थंडीच्या तोंडावर गरिबांना असे कपडे वाटायची फार जुनी चाल आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं होडीतून आपला रुमालही टाकला.

बाजारातल्या लोकांनी सगळं गोळा करून आणून दिलं, पण आपल्या लोकांची तोंडं तुला माहीत आहेत. भाजीवाली बनियन हातात धरून म्हणाली, 'ही कुणाची? लोकर उत्तम आहे, पण घालणारीला आरशाचं वावडं दिसतंय.' मलाही इनेकेची कीव आली. बेचाळिसाव्या वर्षी कुणी असले कपडे घालतं का? तुला या पत्रात लिहिणारच होतो की पोरीला जरा बरे कपडे घेऊन दे. ती मात्र लालबुंद होऊन एकेक गोष्ट छातीशी धरत होती. टॉवेलात गुंडाळलेली एक चौकट आरीनं उचलली, तर तिनं त्याच्या हातून जवळजवळ हिसकावलीच. (बॅगेचा सांगाडा दुपारी शिडी लावून काढला. शिडीवर मी चढलो नाही. मला चढता येत नाही म्हणून नव्हे. स्लॉटबाईंनी शिडीवरच बसकण मारली.)

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू. तिनं खिशातून टेप काढून जिना मोजला. पायऱ्या मोजल्या, बावीस. दोनदा. न्हाणीघराचं दार मोजलं. मागच्या खोलीतला, म्हणजे तुझ्या जुन्या खोलीतला पलंग दाबून बघितला, खिडकी उघडून कालवा किती दिसतो ते बघितलं आणि वहीत टिपून ठेवलं. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलो होतो. कागद हलत होता, पण तो वाऱ्यानं. मग तिनं तुझ्या अक्षरातली यादी काढली : हे हे बघून ये. मला वाटलं पवनचक्की, वनस्पतींची बाग, मोठं चर्च असं काही असेल. तर यादीत काय? ज्या पुलाखाली बर्फावर घसरायला शिकलो तो पूल आहे का. चर्चमागचा बाक आहे का. बेकरी तीच आहे का. गडाच्या टेकडीवर चढताना मध्ये बसायला जागा आहे का. मी म्हटलं, वा रे पर्यटन! दर बाकावर ती बसायची, घड्याळ बघायची आणि लिहायची. माझा दम कुठं लागतो ते टिपणार, दुसरं काय. चोराच्या मनात चांदणं म्हणतील, पण मी ठरवलं, एकाही बाकावर टेकायचं नाही. मंगळवारी गडाची टेकडी पळत चढलो. पळत, एकाहत्तराव्या वर्षी! वर पोचलो आणि तटावर हात टेकून वीस मिनिटं गावाकडे बघत उभा राहिलो. इनेकेला वाटलं मामा भावुक झाले. मला बोलता येत नव्हतं.

बुधवारी जेवण मी केलं. गाजर, कांदे, बटाटे घोटून, वर रश्शातलं मांस, आईच्या हातचं हुत्स्पॉट जसं असायचं तसं. इनेकेनं दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, 'मामा, रोज एवढं करता? एकट्यासाठी?' मी म्हटलं, 'रोज.' तिनं लिहून घेतलं. बघ, एकटा माणूस चांगलंचुंगलं शिजवून खातो, याची नोंद सरकारी कागदावर झाली. पण गुरुवारी माझी पाचावर धारण बसली. मी वर्तमानपत्र आणून जिना चढत होतो (मध्ये थांबलो होतो, बुटाची नाडी बघायला) आणि वर ती फोनवर बोलत होती. 'हो, एकटंच माणूस. वय पंचाहत्तर. गुडघे नाजूक आहेत. नोव्हेंबरपासून चालेल का?' पंचाहत्तर! ताई, माझ्या वयात तिनं चार वर्षं आपल्या पदरची घातली, जागा लवकर मिळावी म्हणून! तिथंच अकराव्या पायरीवर मी बसलो. विलेम दिसायला लागला, मोटारी दिसायला लागल्या, साडेपाचची खीर दिसायला लागली. खोटं कशाला बोलू, रडलो थोडा. मग खाली गेलो आणि पुन्हा जोरजोरात पावलं वाजवत वर आलो.

मी भांडलो नाही. बाहेरून आलेल्या माणसाशी भांडू नये, आणि तिच्या डोळ्यांत बघितलं की तू दिसतेस. पण शुक्रवारी मी आरीची वल्ह्याची होडी मागून आणली आणि तिला म्हटलं, चल, तुला गाव पाण्यातून दाखवतो. सगळे कालवे, सगळे पूल. प्रत्येक पुलाखालून जाताना सांगितलं, हा मी किती वर्षं उचलला, इथं लहानपणी, ताई, तू पाण्यात पडलीस, इथं बाबांनी तुला केसाला धरून वर काढलं. ती इतकी हसली, ताई! पुलाखाली हसलं की घुमतं, माहीत आहे ना. काठावरचे लोक वाकून बघत होते. मी वल्हवत होतो, ऊन होतं, तिनं पाण्यात हात सोडला होता, आणि मला अर्धा तास विसरायलाच झालं की ही मला घरातून काढायला आलीय. असा दिवस माझ्या आयुष्यात कित्येक वर्षांत आला नव्हता.

तर ताई, थोडक्यात माझी बाजू अशी. माणूस जिना चढतो, गड चढतो, स्वयंपाक करतो, चार तास होडी वल्हवतो. त्याला वृद्धाश्रमात घालणं म्हणजे चालत्या घड्याळाला पुरणं. त्याला एकट्याला राहता येतं. गेली एकोणीस वर्षं, त्याची बायको ग्रीट गेल्यापासून, तो एकटाच राहतोय आणि त्याचं काही बिघडलेलं नाही. तेव्हा इनेके तुला काहीही सांगो, तू मोठेपणानं तिला सांग : त्या माणसाला त्याच्या घरात राहू दे. याउप्पर मी कुणापुढे हात जोडणार नाही.

तुझ्या कुत्र्याच्या पाठीवर माझ्या वतीनं एक थाप मार. तुझ्या गुडघ्यावर फुंकर.

तुझाच, आणि अजून धडधाकट,
लामर्ट

ता. क. हुत्स्पॉट स्लॉटबाईंनी केलं होतं. मी फक्त घोटलं. पत्र तुझ्या हाती जायच्या आधी मन साफ असावं म्हणून लिहितो. होडीही चार तास नव्हे, दीड तास वल्हवली. परत येताना इनेकेनं वल्हवली आणि मी दिशा दाखवली. हाताला फोड आलेत, त्यामुळे अक्षर असं आलंय.

ता. क. दुसरा. अनर्थ झाला. मी पाकीट आणायला उठलो तेवढ्यात इनेकेनं पत्र वाचलं. (दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे तेवढं तिला शिकवायचं तू विसरलीस.) आधी ती हसायला लागली. हसत-हसत जिन्याच्या पायरीवर बसली. मग तिथं बसूनच रडायला लागली. मला काही कळेना. म्हटलं, 'अगं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, वृद्धाश्रमात खीर तरी मिळते म्हणतात.' ती म्हणाली, 'मामा, कसला वृद्धाश्रम? तुम्हाला कोण नेतंय? पंचाहत्तर वर्षांची आई आहे. फोन तुमच्या डॉक्टरला होता, तिचं नाव घालायला.' मग तिनं सगळं सांगितलं. कपडे तुझे. सपाता तुझ्या. तो कोट तुझा. टॉवेलात गुंडाळलेली चौकट म्हणजे तिच्या बाबांचा, पीटचा फोटो. बॅग तू स्वतः भरलीस आणि पोरीला बजावलंस की लामर्टला सांगायचं, 'हे माझेच कपडे आहेत.' म्हणे तो गेल्यापासून तू रोज सकाळी दोन कप मांडतेस आणि मग एक परत ठेवतेस. म्हणे कुत्र्याशी आपल्या भाषेत बोलतेस, कारण दुसरं कुणी उरलं नाही. आणि म्हणे तू इनेकेला शपथ घातलीस : घर बघ, जिना बघ, पण लामर्टला विचारू नकोस, त्याला एकट्याची सवय झालीय, तो नाही म्हणू शकणार नाही आणि त्याची अडचण होईल.

ताई, तुझ्या तीन पत्रांत तीन प्रश्न होते आणि तिन्ही वेळा मी 'माझी तब्येत उत्तम आहे' असं उत्तर पाठवलं. मार्च ते सप्टेंबर! तिकडे तू बसलीस विचारू की नको करत आणि इकडे मी गड चढत होतो. आपण दोघं एकाच आईची आहोत यात शंका नको.

ता. क. तिसरा. इनेके खाली टॅक्सी ठरवायला गेलीय, ती यायच्या आत लिहितो. कोट दोनदा धुतला, तरी कांद्याचा वास आहे. स्लॉटबाई म्हणतात तिसऱ्यांदा धुतला तर बाहुलीला होईल. तुझे कपडे मी तुझ्या खोलीत लावून ठेवलेत; खणात कागद घातलाय. मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवलीय, सांगताना मी तुझ्यासाठी ठेवली असं सांगेन. सुतार बुधवारी येऊन कठडा बसवणार आहे. पण तुझी अट ऐकून मला राग आला तो आलाच. माझी अडचण होईल हे तुला कुणी सांगितलं? मलाच विचारायचं होतंस.

आता तू नाही विचारलंस तर मी विचारतो. वरची सगळी पानं फाडू नकोस, त्यात लिहिलेलं खरं आहे. मला एकट्याला राहता येतं. एकोणीस वर्षं येतंय.

आवडत नाही, ताई. ये.